काकांचा हात आणि पेशींची पारख

तुमसर तालुक्यातले आमचे चिखला हे मँगनीजच्या खाणीचे गाव. माझ्या लहानपणी खाणीवर बायका ओळीने बसून हातोडीने दगड फोडत आणि माल निवडत. माझी आजी त्या ओळीत होती. वरून काळा दिसणारा प्रत्येक दगड मँगनीज नसतो. दगड हातात घेतला की आजीला वजनावरून अंदाज येई. शंका आली तर ती तो फोडून आतला रंग पाही. "वरून पाहून पारख नाई होत, बाबू. आत का आहे ते पाहा लागते," असे ती म्हणायची.

याच घरात १९८०च्या सुमारास एका संध्याकाळी काका ओट्यावर बसून बिडी ओढत होते. बिडी जळत बोटांपर्यंत आली. कातडे जळल्याचा वास आम्हा पोरांना आला, आजीलाही आला. काका मात्र बोलण्यात दंग. आजीने हात झटकला तेव्हा त्यांनी बोटाकडे पाहिले आणि म्हणाले, "हाताले काईच समजत नाई, माय." कोपराखाली एक फिकट चट्टा होता. तो वर्षभरापासून होता, दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून कुणी लक्ष दिले नव्हते.

दवाखान्यात निदान झाले आणि डॅप्सोनच्या गोळ्या सुरू झाल्या. काही महिने ठीक गेले. मग एकाएकी चट्टा लाल होऊन सुजला, कोपरामागची नस दोरीसारखी टणक झाली, रात्रभर ठणका लागला. पंधरा दिवसांत करंगळी आणि शेजारचे बोट आत वळले, ते पुन्हा सरळ झाले नाही. घरात एकच निष्कर्ष निघाला: गोळ्यांनी हात खाल्ला. काकांनी गोळ्या नाल्यात फेकल्या. असे होऊ शकते, हे त्यांना आधी कुणी सांगितले नव्हते.

हात जंतूने खाल्ला की गोळ्यांनी, हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालो, नोकरी केली आणि उरलेल्या वेळात नागपूर-वर्ध्याच्या ग्रंथालयांत जुनी मासिके, अहवाल चाळत राहिलो. शब्दकोश शेजारी ठेवून वाचायचे, कळले नाही तर पुन्हा वाचायचे, एवढीच माझी पद्धत. त्या वाचनातून उत्तर मिळाले ते वेगळेच. हात जंतूनेही खाल्ला नव्हता, गोळ्यांनीही नाही. तो काकांच्याच शरीरातल्या रक्षक पेशींनी खाल्ला होता आणि त्या पेशी आपले काम चोख करत होत्या. हे उलगडण्यात मुंबईतल्या मराठी संशोधकांचा वाटा आहे. त्याची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून हा लेख.

चट्टा पाहणारा समाज

गेरहार्ड आर्मावर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेतील बर्गन शहरात कुष्ठरुग्णांच्या गाठींत सूक्ष्म काड्या पाहिल्या. माणसाच्या जुनाट रोगाशी जोडला गेलेला हा अगदी सुरुवातीच्या जंतूंपैकी एक. म्हणजे हा शाप नाही, पापाचे फळ नाही, घराण्यात उतरणारा डागही नाही, हे तेव्हाच कळायला हवे होते. प्रत्यक्षात जंतू सापडल्याने रुग्णाला दूर ठेवण्यास नवे कारण मिळाले. मुंबईत पालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये माटुंगा-वडाळा भागात कुष्ठरुग्णांसाठी निवारा उभा राहिला. रस्त्यावर मरण्यापेक्षा ती जागा बरी होती, पण भिंतीआड ठेवणे हाही तिचा हेतू होताच. १८९८च्या कायद्याने तर भीक मागणाऱ्या कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात डांबण्याची मुभा दिली.

गावाची पारख वरवरची होती. झडलेली बोटे, बसके नाक, जाडावलेला कान दिसला की 'रक्तपिती' म्हणून शिक्का. बहुतेक वेळा तोवर रोगाचे काम संपलेले असे. ज्याच्यापासून लागण होऊ शकते असा माणूस धडधाकट दिसे, बाजारात फिरे. ज्याच्या शरीरात जंतू उरलेले नाहीत अशा थोट्या हाताच्या माणसाला वेशीबाहेर काढले जाई.

विदर्भात याला वेगळे वळण मिळाले. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केले. बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये वरोऱ्यात महारोगी सेवा समिती स्थापन केली. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघाले. डॉ. वार्देकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे पाहणी, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री बसवली. कार्यकर्ता घरोघर जाई, अंगावरचा चट्टा शोधी, त्याला स्पर्श कळतो का ते पाही. बोटे झडण्याची वाट न पाहता रोग ओळखायचा, हा बदल साधा वाटतो, पण शेकडो वर्षांची पारख त्याने उलटी केली.

एकच जंतू, दोन तऱ्हा

डॉक्टरांना मात्र एक कोडे सुटत नव्हते. जंतू एकच, मग रोग इतका वेगवेगळा का? काही रुग्णांच्या अंगावर एखाद-दुसरा कोरडा, बधिर चट्टा असतो. त्यातला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर जंतू शोधूनही सापडत नाहीत. दुसऱ्या टोकाच्या रुग्णांचे अंगभर कातडे जाड होते, गाठी येतात आणि त्यांत जंतूंचे गठ्ठेच्या गठ्ठे असतात. १९६६ मध्ये रिडले आणि जोपलिंग यांनी या दोन टोकांमधल्या पायऱ्यांची वर्गवारी मांडली. ती आजही शिकवली जाते.

कोड्याचा धागा एका सुईने दाखवला होता. जपानचे केन्सुके मित्सुदा यांनी गाठीतले जंतू उकळून मारले आणि ते द्रावण रुग्णांच्या कातडीत टोचले. तीन-चार आठवड्यांनी काहींच्या हातावर गाठ उठली, काहींच्या नाही. गंमत अशी की, ज्यांच्या अंगात जंतूंचा सुकाळ होता त्यांच्याच हातावर काही उठेना. ही चाचणी रोग आहे की नाही हे सांगत नाही. शरीर त्या जंतूला ओळखते की नाही, हे ती सांगते. ज्यांचे शरीर ओळखते त्यांच्यात जंतू थोडे. ज्यांचे ओळखत नाही त्यांच्यात जंतू घर करून राहतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. इंदिरा नाथ यांनी पुढे हेच पेशींच्या पातळीवर दाखवले: अशा रुग्णांच्या टी-पेशी कुष्ठजंतूसमोर आल्या तरी हालत नाहीत.

आणि बहुसंख्य माणसे तर या दोन टोकांच्या बाहेरच असतात. शंभरातल्या पंच्याण्णवांहून अधिक लोकांना जंतूशी गाठ पडूनही रोग होतच नाही. बाबा आमट्यांनी कोलकात्यात शिकत असताना प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठजंतू टोचून घेतल्याचे सांगितले जाते. त्यांना रोग झाला नाही. त्यांचे धैर्य निर्विवाद, पण निकाल लावला तो त्यांच्या पेशींनी.

खानोलकरांचा सूक्ष्मदर्शक

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये उघडले आणि त्याची प्रयोगशाळा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांना ओळखतात. कर्करोग हे त्यांचे मुख्य काम, पण कुष्ठरोगाने त्यांना तितकेच खेचून घेतले. या दोन रोगांत काय नाते? दोन्हींत शत्रू बाहेर उभा नसतो. तो आपल्याच पेशीत किंवा आपल्याच पेशीच्या रूपात दडलेला असतो.

खानोलकरांनी अगदी सुरुवातीच्या चट्ट्यांचे तुकडे तपासले. १९५१च्या त्यांच्या अहवालाचा विषयच तो होता. कातडीत पसरलेल्या मज्जातंतूंच्या बारीक फांद्यांत त्यांना जंतू सापडले. कुष्ठरोग हा कातडीचा रोग नसून मुळात मज्जातंतूंचा रोग आहे, हे त्यांचे म्हणणे. आपण चट्टा पाहत राहिलो, जंतू मात्र नसेत बसला होता. नसेभोवती तारेच्या वेष्टणासारख्या श्वान पेशी असतात, त्याच त्याचे घर. काकांचे बोट बिडीने का जळले याचे उत्तर या वाक्यात आहे.

१९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले आणि खानोलकर त्याचे प्रमुख झाले. तिथे पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी पेशी काचेच्या भांड्यात वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली, देशातली पहिली. कुष्ठजंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, ही जगभरची अडचण होती आणि आजही आहे. मज्जापेशी ज्या द्रवात वाढवल्या त्यात तो वाढेल का, असा विचार करून बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या गाठीतला जंतू वाढवला आणि १९५८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव पडले 'आयसीआरसी' जंतू.

पुढच्या तपासण्यांत कळले की हा खरा कुष्ठजंतू नाही. तो त्याच कुळातला, पण दुसऱ्या शाखेचा भाऊबंद आहे. एखाद्याने इथेच फाइल बंद केली असती. ती बंद झाली नाही, याचे कारण समजायला पेशी नेमके काय ओळखतात ते पाहावे लागेल.

पेशीच्या दारातला तुकडा

१८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना इथे एली मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती भटक्या पेशी जमल्या होत्या. भक्षक पेशी बाहेरच्याला गिळतात, हे त्यातून कळले. पण गिळलेला जंतू मेलाच नाही तर? कुष्ठजंतू आणि क्षयजंतू नेमके हेच करतात. ते भक्षक पेशीच्या पोटातच संसार थाटतात. रक्तातली प्रतिद्रव्ये पेशीच्या आत शिरत नाहीत. मग आत कोणी लपले आहे हे बाहेरच्या पहारेकऱ्याला कळणार कसे?

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथे १९७४ मध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी याचे उत्तर शोधले. त्यांनी विषाणूची लागण झालेल्या उंदरांच्या टी-पेशी घेतल्या. या पेशी त्याच वंशाच्या उंदराच्या लागण झालेल्या पेशी मारत. दुसऱ्या वंशाच्या उंदराच्या पेशींत तोच विषाणू असला तरी त्यांना हात लावत नसत. म्हणजे टी-पेशी नुसता शत्रू पाहत नाही. ती शत्रूची खूण आणि आपली खूण एकत्र पाहते. या शोधाला १९९६चे नोबेल मिळाले.

आमच्या खाणीच्या उदाहरणाने सांगतो. पाळी सुटल्यावर फाटकाशी प्रत्येकाने डबा उघडून दाखवायचा असे समजा. पहारेकरी कुणाच्या घरात शिरत नाही, डब्यात जे आहे तेवढेच पाहतो. आपली जवळजवळ प्रत्येक पेशी असेच करते. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे ती बारीक तुकडे करते, आठ-दहा अमिनो आम्लांचे, आणि ते एका खास प्रथिनाच्या खाचेत बसवून पृष्ठभागावर धरते. माणसात या खाचेच्या प्रथिनाला 'एचएलए' म्हणतात आणि ते माणसागणिक वेगळे असते. खाचेत रोजचे घरगुती तुकडे असतील तर टी-पेशी पुढे जाते. परका तुकडा दिसला की ती थांबते आणि त्या पेशीला मारते. भक्षक पेशी गिळलेल्या जंतूचे तुकडे दुसऱ्या प्रकारच्या खाचेत धरते. ते पाहणारी मदतनीस टी-पेशी तिला मारत नाही. ती रासायनिक निरोप देऊन तिची पचनशक्ती वाढवते, मग आतला जंतू मरतो.

एखादा विषाणू किंवा कर्कपेशी चलाखी करते आणि डबाच दाखवत नाही. खाचेची प्रथिनेच गायब करते. त्यावरही तोड आहे. स्वीडनचे क्लास कॅरे आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवले की नैसर्गिक मारक पेशी उलट गोष्ट तपासतात. ओळखीची खूण जागेवर नाही, हेच त्यांच्या दृष्टीने संशयाचे कारण.

आजीच्या पारखेत आणि या पारखेत फरक एवढाच की, आजीला दगड फोडावा लागे. इथे दगडच आपल्या आतला कण बाहेर धरून उभा असतो.

हात कोणी खाल्ला?

आता कोपरामागच्या नसेकडे येऊ. कुष्ठजंतूला थोडी गार जागा मानवते. कोपराजवळची ही नस कातडीच्या अगदी खाली, म्हणून गार. तिच्या श्वान पेशींत जंतू सावकाश वाढतो. त्याला दुप्पट व्हायला बारा-चौदा दिवस लागतात. त्याच्याकडे जहाल विष नाही. तो शांत असतो तोवर नसही बरेच दिवस तग धरते. पण लागण झालेली श्वान पेशीही जंतूचे तुकडे दारात धरते. अशा पेशींना टी-पेशी मारतात, हे १९८८ मध्ये प्रयोगशाळेत दाखवले गेले. टी-पेशींना हा रोगी दगड आणि ही नाजूक नस असा भेद करता येत नाही. तुकडा दिसला की कारवाई.

मधल्या पायऱ्यांवरच्या रुग्णांत ही ओळख एकाएकी तीव्र होऊ शकते, कधी उपचाराआधी, पुष्कळदा उपचार सुरू असताना. चट्टा लाल होतो, नस सुजते. नसेभोवतीचे वेष्टण ताणत नाही, म्हणून आतले तंतू चेंगरतात. डॉक्टर याला 'रिॲक्शन' म्हणतात. त्याच दिवसांत स्टेरॉइडची गोळी देऊन सूज उतरवली तर हात बहुधा वाचतो. कुष्ठरोगाच्या गोळ्या मात्र चालूच ठेवायच्या असतात.

काकांनी नेमके उलटे केले. हे कळले तेव्हा ते हयात नव्हते. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. गोळी सुरू झाली, हात गेला, म्हणून गोळीने हात गेला, हा तर्क कुणीही केला असता.

भाऊबंद जंतूची लस

आयसीआरसी जंतूची फाइल पुन्हा उघडली डॉ. माधव देव यांनी. खानोलकरांच्या केंद्राचे रूपांतर तोवर कर्करोग संशोधन संस्थेत झाले होते. टी-पेशी पूर्ण जंतू पाहत नाहीत, तुकडे पाहतात. मग भाऊबंद जंतूत तेच तुकडे असतील तर तो खरा कुष्ठजंतू नसला म्हणून काय बिघडले? देव, बापट आणि सहकाऱ्यांनी किरणोत्साराने मारलेल्या या जंतूंपासून लस केली आणि १९८१ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. ज्यांच्या हातावर मित्सुदांची गाठ उठत नव्हती अशा काही रुग्णांच्या हातावर ती लशीनंतर उठू लागली. न ओळखणाऱ्या शरीराला ओळखायला शिकवता येते, याचा हा पुरावा.

पुढे दक्षिण भारतात १९९१ पासून सुमारे १ लाख ७१ हजार लोकांवर चार लशींची तुलना झाली. १९९८ मध्ये आलेल्या निष्कर्षांत एकट्या बीसीजीने सुमारे ३४ टक्के संरक्षण दिले, आयसीआरसी लशीने सुमारे ६५ टक्के. तोवर बहुविध औषधोपचाराने रुग्णसंख्या झपाट्याने उतरली होती आणि लस सार्वत्रिक वापरात आली नाही. 'चुकीचा' जंतू बरोबर उपयोगी पडला, हे मात्र नोंदवून ठेवायला हवे.

खानोलकरांच्या केंद्राची वारस संस्था आज नवी मुंबईत खारघरला आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून विकसित केलेल्या 'नेक्सकार१९' या उपचाराच्या चाचण्यांत तिचा मोठा वाटा आहे. २०२३ मध्ये त्याला परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी काढून त्यांना एक नवा ओळखणारा हात बसवतात. तो विशिष्ट रक्तकर्कपेशींवरची 'सीडी१९' ही खूण खाचेविना थेट पकडतो. पण तीच खूण निरोगी बी-पेशींवरही असते, त्याही मारल्या जातात. काकांच्या नसेत जे घडले त्याचाच हा धडा आहे: ओळख अचूक असली तरी तिची किंमत कुणाला तरी मोजावी लागते. ती किती असेल हे आधी सांगणे आणि नुकसान आवरण्याची तयारी ठेवणे, हे माणसांचे काम आहे.

डिसेंबर २००५ मध्ये देशात कुष्ठरोग दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याचे जाहीर झाले. २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून काढले गेले. म्हणून रोग संपला असे नाही. आमच्या पूर्व विदर्भात तो अजून आहे. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. अंगावर न खाजणारा, न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर तो दाखवावा. उपचार चालू असताना नस ठणकली, चट्टा लाल झाला तर गोळ्या फेकू नयेत, त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मागच्या वर्षी गावातला एक तरुण माझ्याकडे आला. गोळ्या घेत होता, कोपर दुखत होते, बोटांना मुंग्या येत होत्या. "काका, गोळ्या बंद करू का?" त्याने विचारले. मी त्याला मोटारसायकलवर बसवून तुमसरला नेले. सूज उतरायला काही आठवडे लागले. दिवाळीआधी तो भेटला तेव्हा मी त्याला मूठ उघडायला सांगितली. पाचही बोटे सरळ होती.